हर्बल चहातील पायरोलिझिडिन अल्कलॉइडे कशी मोजावीत: प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

गवती चहा, पुदिना, कॅमोमाइल आणि तुळस या वनस्पती पायरोलिझिडिन अल्कलॉइडे स्वतः तयार करीत नाहीत, आणि तरीही त्यांच्या वाळवलेल्या पानाफुलांत ही विषे सापडतात. ती येतात मुख्यतः शेतातल्या तणांतून. कापणीच्या वेळी तणाची चार पाने पिकाबरोबर कापली जातात, वाळतात, चुरली जातात आणि मग ती डोळ्यांना वेगळी ओळखू येत नाहीत. कुजणाऱ्या तणातून जमिनीत उतरलेली अल्कलॉइडे शेजारचे पीक मुळांवाटे काही प्रमाणात शोषून घेते, असेही दिसून आले आहे. म्हणजे आपण जे मोजणार आहोत ते पिकाच्या शेजाऱ्याचे असते, आणि मालात ते सर्वत्र सारखे पसरलेले नसते. ही एक गोष्ट मनात पक्की ठेवली तर पुढच्या बहुतेक पायऱ्यांचे कारण आपोआप समजते.

या लेखात या अल्कलॉइडांना आपण थोडक्यात ‘पीए’ म्हणू. बोराज कुळातील वनस्पती, सूर्यफूल कुळातील सेनेसिओ आणि युपेटोरियम यांचे गट, आणि शेंगावर्गीय कुळातील क्रोटालारिया म्हणजे आपला खुळखुळा, हे पीए तयार करणारे प्रमुख गट होत. महाराष्ट्र आणि गोव्यात रस्त्याकडेला व पडीक रानात माजणारी रानमोडी, ओलसर शेतात उगवणारी ओसाडी आणि विंचवाच्या नांगीसारखा फुलोरा वळलेली भुरुंडी ही सर्व पीएधारी तणे आहेत.

पीए स्वतः फारशी क्रियाशील नसतात. त्यांच्या नेसिन वलयात, म्हणजे रेणूच्या गाभ्यातील जोडवलयात, पहिल्या व दुसऱ्या कार्बनमध्ये दुहेरी बंध असेल, तर यकृतातील विकरे त्यांचे क्रियाशील पायरोलिक एस्टरांत रूपांतर करतात, आणि हे एस्टर प्रथिनांना व डीएनएला चिकटतात. मोठ्या मात्रेत घेतल्यास यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद होतात, पोटात पाणी साचते आणि रुग्ण दगावू शकतो. १९७० च्या दशकात अफगाणिस्तानात गव्हात हेलिओट्रोपियमच्या बिया मिसळल्याने, आणि आपल्याकडे त्या वेळच्या मध्य प्रदेशातील व आताच्या छत्तीसगडमधील सरगुजा जिल्ह्यात गोंदली या बारीक भरडधान्यात क्रोटालारियाच्या बिया मिसळल्याने अशा यकृतविकाराच्या साथी आल्या होत्या. चहातील प्रमाण त्या मानाने फारच कमी असते. तेथे चिंता आहे ती वर्षानुवर्षे थोडे थोडे पोटात जाण्याची, कारण ही संयुगे जनुकांना इजा करणारी आणि कर्करोगकारक मानली जातात.

आधी मर्यादा समजून घ्याव्यात

जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने, म्हणजे बीएफआरने, २०१३ मध्ये चहा व हर्बल चहाच्या २२१ नमुन्यांचे निकाल प्रसिद्ध केले. त्यांत एकूण पीएचे प्रमाण शून्यापासून किलोमागे ३.४ मिलिग्रॅमपर्यंत होते. त्यानंतर युरोपीय संघाने नियम केले आणि १ जुलै २०२२ पासून कमाल मर्यादा लागू झाल्या. वाळवलेल्या हर्बल चहासाठी सर्वसाधारण मर्यादा किलोमागे २०० मायक्रोग्रॅम आहे. रूइबोस, बडीशेपेच्या जातीचे अनिस, लेमन बाम, कॅमोमाइल, थाइम, पेपरमिंट आणि लेमन व्हर्बिना यांना, व केवळ यांच्याच मिश्रणांना, ४०० ची सवलत दिलेली आहे. नेहमीच्या चहापत्तीसाठी १५० आणि तान्ह्या व लहान मुलांच्या चहासाठी ७५ ही मर्यादा आहे. आपल्याकडून युरोपात जाणारा गवती चहा किंवा तुळस ४०० च्या यादीत नाही, हे नवख्या विश्लेषकाने नीट लक्षात ठेवावे. पुदिन्याच्या मिश्रणात थोडी तुळस पडली की ती सवलत जाते.

हे आकडे एका कपाच्या हिशेबात मांडून पाहावेत. २०० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेवर असलेल्या मालाचे २ ग्रॅम कपात टाकले आणि सर्व पीए पाण्यात उतरली, तर कपात ०.४ मायक्रोग्रॅम येतात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये वापरलेला संदर्भबिंदू शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे दिवसाला २३७ मायक्रोग्रॅमचा आहे, आणि जनुकांना इजा करणाऱ्या संयुगांसाठी त्याच्या दहाहजाराव्या भागापर्यंतचे सेवन कमी चिंतेचे मानतात. ६० किलोच्या प्रौढासाठी हा भाग दिवसाला सुमारे १.४ मायक्रोग्रॅम होतो, तर १० किलोच्या बाळासाठी केवळ ०.२४. प्रौढाला चालणारा एक कप बाळासाठी ही रेषा ओलांडतो, आणि म्हणूनच मुलांच्या चहाची मर्यादा इतकी खाली आहे. ही रेषा विषबाधेची नाही, हे ग्राहकाला समजावून सांगणेही आपलेच काम आहे.

पहिली पायरी: नमुना

माझ्या मते या कामातील सर्वाधिक चुका यंत्रात नव्हे, तर पोत्यात आणि चक्कीत होतात. एक साधा हिशेब करू. समजा, एखाद्या तणाच्या वाळलेल्या पानांत अर्धा टक्का पीए आहेत. अशा तणाच्या एका ग्रॅममध्ये ५ मिलिग्रॅम पीए असतील, आणि २५ किलोच्या पोत्यात २०० ची मर्यादा गाठायला नेमके तेवढेच पुरतात. म्हणजे संपूर्ण पोत्याचा निकाल एक ग्रॅमभर पानांवर ठरतो. ती पाने पोत्याच्या एका कोपऱ्यात असतील आणि आपण वरच्या थरातून मूठभर माल उचलला, तर यंत्र कितीही उत्तम असले तरी निकाल खोटाच येणार.

म्हणून पोत्याच्या वर, मध्ये आणि तळाशी, आणि शक्य तितक्या अधिक पोत्यांतून, लहान लहान अंश घ्यावेत, ते एकत्र करून नीट मिसळावेत, आणि मगच प्रयोगशाळेचा नमुना वेगळा करावा. नमुना लहान करताना ढिगाचे चार समान भाग करून समोरासमोरचे दोन घ्यावेत. चमच्याने वरवर उचलू नये, कारण वाळलेल्या पानांचा भुगा खाली बसतो आणि देठ वर राहतात. ग्राहकाने हवाबंद पाकिटात ५० ग्रॅम माल पाठवला असेल, तर निकाल त्या पाकिटाचा आहे, संपूर्ण खेपेचा नाही, असे अहवालात स्पष्ट लिहावे.

दुसरी पायरी: दळणे

प्रयोगशाळेत आलेला संपूर्ण नमुना दळावा, त्यातला भाग नव्हे. वरचाच हिशेब पुढे नेऊ. न दळलेल्या मालातून २ ग्रॅम तोलले आणि त्यात त्या तणाचा केवळ ५ मिलिग्रॅमचा एक तुकडा आला, तर त्या तुकड्यातील २५ मायक्रोग्रॅम पीएमुळे निकाल किलोमागे १२,५०० येईल. तुकडा आला नाही, तर शून्य येईल. दोन्ही आकडे त्या २ ग्रॅमसाठी खरे आणि दोन्ही नमुन्यासाठी निरुपयोगी आहेत.

पूड अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतकी बारीक असावी. चाळणीवर राहिलेले देठ फेकून देऊ नयेत, ते पुन्हा दळून त्याच पुडीत मिसळावेत. बडीशेपेसारखे तेलकट दाणे चक्कीत चिकटतात. ते द्रव नायट्रोजनने किंवा कोरड्या बर्फाने गोठवून दळल्यास पूड सुटी राहते आणि तापतही नाही. दोन नमुन्यांच्या मध्ये चक्की पूर्ण उघडून स्वच्छ करावी. आधीच्या नमुन्यात पीए भरपूर असतील, तर पुढच्या स्वच्छ नमुन्यात त्यांची सावली उमटते, आणि ती ओळखण्यासाठी मधूनमधून पीएविरहित तांदूळ दळून तो रिकामा नमुना म्हणून चालवणे ही उत्तम सवय आहे.

तिसरी पायरी: निष्कर्षण

वनस्पतीत पीए दोन रूपांत असतात: मुक्त अल्कलॉइड आणि त्याचे एन-ऑक्साइड. वाळलेल्या पाल्यात बहुधा एन-ऑक्साइडचेच प्रमाण जास्त असते. मुक्त अल्कलॉइड आम्लात प्रोटॉन घेऊन पाण्यात विरघळतो, आणि एन-ऑक्साइड मुळातच पाण्यात सहज विरघळते. म्हणून सौम्य आम्ल हे दोघांनाही चालणारे द्रावण आहे. चहा गाळून घेतल्याने ही विषे मागे राहतात असा समज असेल, तर तोही येथेच दूर होतो.

बीएफआरच्या प्रसिद्ध पद्धतीप्रमाणे २ ग्रॅम पुडीवर ०.०५ मोलर सल्फ्युरिक आम्लाचे २० मिलिलिटर घालून नळी अल्ट्रासॉनिक बाथमध्ये १५ मिनिटे ठेवतात, सेंट्रिफ्यूज करतात, वरचे द्रव काढून घेतात, आणि उरलेल्या चोथ्यावर पुन्हा तेवढेच आम्ल घालून हीच क्रिया एकदा करतात. दोन्ही द्रवे एकत्र केल्यावर अमोनियाने त्याचा पीएच ६ ते ७ वर आणावा. येथे घाई करू नये. पीए ही एस्टरे आहेत आणि तीव्र अल्कधर्मी द्रावणात ती तुटू लागतात. अमोनिया थेंबाथेंबाने घालावा आणि प्रत्येक थेंबानंतर ढवळावे.

कॅमोमाइलची फुले आणि जास्वंदीच्या पाकळ्या आम्ल शोषून फुगतात व नळीच्या तळाशी लगदा होतो. आम्ल घातल्यावर नळी आधी हाताने जोरात हलवून कोरडी गुठळी राहिली नाही याची खात्री करावी, नाहीतर दुसऱ्या निष्कर्षणातही तो भाग कोरडाच राहतो.

चौथी पायरी: शुद्धीकरण

गाळलेल्या द्रवापैकी १० मिलिलिटर सी-१८ च्या एसपीई कार्ट्रिजवरून, म्हणजे पीए धरून ठेवणाऱ्या भुकटीने भरलेल्या लहान नळीतून, जाऊ द्यावेत. कार्ट्रिज आधी ५ मिलिलिटर मेथॅनॉलने आणि मग ५ मिलिलिटर पाण्याने ओले केलेले असावे आणि मध्ये कोरडे पडू देऊ नये. नमुना उतरल्यावर पाण्याने दोनदा धुवावे, व्हॅक्यूम लावून वाळवावे, आणि मेथॅनॉलच्या ५-५ मिलिलिटरच्या दोन भागांनी पीए उतरवून घ्यावीत. मेथॅनॉल नायट्रोजनच्या झोताखाली सुमारे ५० अंशांवर उडवावे आणि उरलेला थर ५ टक्के मेथॅनॉल असलेल्या १ मिलिलिटर पाण्यात विरघळवून ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून व्हायलमध्ये घ्यावा.

काही प्रयोगशाळा याऐवजी धनआयन-विनिमयाचे कार्ट्रिज वापरतात. त्यावर आम्लयुक्त द्रव न उदासीन करता थेट सोडता येते, आणि पीए अमोनियायुक्त मेथॅनॉलने उतरवतात. रंगीत व तेलकट मालासाठी ते अधिक स्वच्छ निघते. नवख्याने मात्र आधी एकच पद्धत पूर्ण हाताखाली आणावी.

पाचवी पायरी: वेगळे करणे आणि ओळखणे

या कामाचा खरा कस येथे लागतो. युरोपीय नियमानुसार २१ पीएंची बेरीज करायची आहे: इंटरमेडिन, लायकोप्सामिन, सेनेसिओनिन, सेनेसिव्हर्निन, सेनेसिफायलिन, रेट्रॉर्सिन, एकिमिडिन, लॅसिओकार्पिन, युरोपिन आणि हेलिओट्रिन, या दहांची दहा एन-ऑक्साइडे, आणि एकटे सेंकर्किन, ज्याचे एन-ऑक्साइड होत नाही. यांच्याबरोबर त्याच वेळी स्तंभातून, म्हणजे संयुगे एकमेकांपासून वेगळी करणाऱ्या नळीतून, बाहेर येऊ शकणारी आणखी १४ संयुगे आहेत, उदाहरणार्थ इंडिसिन, एकिनाटिन, रिंडेरिन, इंटेगेरिमिन आणि त्यांची एन-ऑक्साइडे. पद्धतीत ती वेगळी होत असतील, तर तीही मोजून बेरजेत धरायची आहेत.

एलसी-एमएस/एमएसवर, म्हणजे स्तंभातून सुटलेल्या संयुगांचे आयन करून त्यांचे व त्यांच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, नुसते वस्तुमान पाहून संयुग ओळखता येईल, असा नवख्याचा समज असतो, आणि पीएंच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. लायकोप्सामिन, इंटरमेडिन, इंडिसिन, एकिनाटिन आणि रिंडेरिन या पाचांचेही प्रोटॉनयुक्त आयन ३०० या वस्तुमानावरच दिसतात, कारण ती एकमेकांची प्रतिरूपे आहेत. त्याहून फसवी जोडी म्हणजे सेनेसिओनिनचे एन-ऑक्साइड आणि रेट्रॉर्सिन: दोघांचे रेणुसूत्र एकच, दोघांचे आयन ३५२ वर. तुकड्यांत थोडा फरक दिसतो. रेट्रॉर्सिन १२० आणि १३८ चे तुकडे देते, तर एन-ऑक्साइडमध्ये ११८ आणि १३६ चे तुकडे ठळक असतात. तरीही अंतिम साक्ष संयुग स्तंभातून बाहेर येण्याच्या वेळेचीच घ्यावी.

सुरुवातीसाठी सी-१८ स्तंभ, १५० मिलिमीटर लांब आणि दोन मायक्रोमीटरहून बारीक कणांचा, चांगला चालतो. चल द्रवात, म्हणजे स्तंभातून सतत वाहणाऱ्या द्रवात, पाणी आणि मेथॅनॉल, दोन्हींत ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल आणि ५ मिलिमोलर अमोनियम फॉर्मेट ठेवावे. मेथॅनॉल अगदी कमी प्रमाणापासून सावकाश वाढवत न्यावे. ही चढण उतावीळपणे तीव्र केली की प्रतिरूपे एकमेकांवर चढतात. अमोनियम कार्बोनेट असलेल्या अल्कधर्मी चल द्रवाने काही प्रतिरूपे अधिक चांगली सुटतात, मात्र त्यासाठी ते सहन करणारा स्तंभच हवा.

प्रत्येक पीएसाठी किमान दोन ट्रान्झिशन, म्हणजे मूळ आयन आणि त्याचा तुकडा यांच्या जोड्या, घ्यावीत. नमुन्याच्या आलेखातील शिखराची (पीकची) वेळ प्रमाण द्रावणाच्या, म्हणजे माहीत असलेल्या मात्रेत शुद्ध पीए असलेल्या द्रावणाच्या, वेळेशी ०.१ मिनिटाच्या आत जुळावी, आणि दोन ट्रान्झिशनच्या उंचीचे गुणोत्तर प्रमाणाच्या गुणोत्तरापासून ३० टक्क्यांहून अधिक ढळू नये. दोन्हींपैकी एक जुळले नाही, तर शिखर कितीही देखणे असले तरी ते त्या संयुगाच्या नावावर लिहू नये.

प्रमाण म्हणून वापरायची शुद्ध पीए हाताळताना हातमोजे आणि फ्यूम हूड यांत सवलत नाही. घन प्रमाणे मिलिग्रॅममध्ये येतात आणि ती तोलताना उडतात. शक्य असेल तेथे तयार द्रावणेच मागवावीत आणि ती उणे २० अंशांवर ठेवावीत.

सहावी पायरी: कॅलिब्रेशन आणि हिशेब

पुदिना, तुळस आणि कॅमोमाइल यांच्या अर्कातील इतर घटक आयनीभवन, म्हणजे यंत्रात पीएंचे आयन होणे, दाबतात, त्यामुळे शुद्ध द्रावकातील कॅलिब्रेशनवर, म्हणजे माहीत असलेल्या मात्रांवरून काढलेल्या आलेखावर, नमुना वाचला तर निकाल हमखास कमी येतो. त्याच जातीचा पीएविरहित माल शोधून त्याच्या अर्कात प्रमाणे मिसळावीत. मिश्र चहासाठी असा रिकामा माल मिळणे कठीण असते, आणि बोराजसारख्या स्वतःच पीए बनवणाऱ्या वनस्पतीसाठी तर अशक्य. तेथे नमुन्यातच वाढत्या मात्रेत प्रमाण घालून मोजावे. एकत्र चालवलेल्या नमुन्यांच्या प्रत्येक गटात एका रिकाम्या मालात ठरावीक पीए घालून सुरुवातीपासून सर्व पायऱ्यांतून न्यावे. त्यातील ७० ते १२० टक्के परत मिळाले, तर त्या गटाचे निकाल स्वीकारावेत.

हिशेब सोपा आहे. २ ग्रॅमचे ४० मिलिलिटर झाले, त्यातील १० घेतले, म्हणजे व्हायलच्या १ मिलिलिटरमध्ये अर्ध्या ग्रॅम मालाचा अर्क आहे. व्हायलमध्ये मिलिलिटरमागे ६ नॅनोग्रॅम सापडले, तर मालात किलोमागे १२ मायक्रोग्रॅम आहेत. हा २ चा गुणक संगणकात भरून विसरून जाऊ नये; नमुना कधी १ ग्रॅमच घेतला तर तो ४ होतो.

बेरीज करताना नियम असा आहे की परिमाणन मर्यादेखालील, म्हणजे आपल्या पद्धतीला खात्रीने मोजता येणाऱ्या किमान प्रमाणाखालील, प्रत्येक पीए शून्य धरायचे. यामुळे एक मोह निर्माण होतो. समजा, आपली परिमाणन मर्यादा प्रत्येक पीएसाठी किलोमागे १० मायक्रोग्रॅम आहे आणि मालात २१ पीए प्रत्येकी ८ आहेत. खरी बेरीज १६८, आपल्या अहवालात शून्य. ढिली पद्धत माल स्वच्छ दाखवते. म्हणून ही मर्यादा जितकी खाली नेता येईल तितकी न्यावी, आणि ती अहवालात प्रत्येक पीएसमोर छापावी. मापनातील अनिश्चितताही निकालाशेजारीच असावी, कारण २१० हा आकडा २०० च्या वर आहे की नाही, हे तिच्याशिवाय सांगता येत नाही.

सातवी पायरी: निकालाचा अर्थ शेतापर्यंत नेणे

नुसती बेरीज पाठवून थांबू नये. कोणती पीए सापडली, यावरून तणाचा माग काढता येतो. सेनेसिओनिन, सेनेसिफायलिन आणि रेट्रॉर्सिन यांचा भर असेल तर सेनेसिओच्या जातीचे तण असण्याची शक्यता मोठी. दक्षिण आफ्रिकेतील रूइबोसच्या शेतांत असेच सेनेसिओ आढळते. लायकोप्सामिन गटाची प्रतिरूपे दिसली, तर आपल्याकडच्या मालात ओसाडी, रानमोडी किंवा भुरुंडी शोधावी. भुरुंडीतील प्रमुख अल्कलॉइड इंडिसिन आहे. युरोपिन आणि हेलिओट्रिन दिसल्यास भूमध्य समुद्राभोवतालच्या हेलिओट्रोपियमकडे बोट जाते.

खुळखुळ्याच्या काही जातींतील मुख्य अल्कलॉइड, मोनोक्रोटालिन, मात्र युरोपच्या २१ मध्येही नाही आणि त्या १४ मध्येही नाही. त्यामुळे खुळखुळा मिसळलेला माल नियमाच्या बेरजेत स्वच्छ ठरू शकतो. सरगुजाची आठवण ठेवून मी असे आग्रहाने सुचवेन की भारतीय मालासाठी पद्धत बसवताना मोनोक्रोटालिनचे ३२६ ते १२० आणि ३२६ ते १२१ हे ट्रान्झिशन पहिल्या दिवसापासून जोडावेत, आणि ते सापडल्यास बेरजेबाहेर वेगळ्या ओळीत कळवावे. त्याच धावेत धोतऱ्यातील अ‍ॅट्रोपिन, २९० ते १२४, आणि स्कोपोलामिन, ३०४ ते १३८, हेही पाहता येतात. वाळवलेल्या हर्बल चहात या दोघांच्या बेरजेची युरोपीय मर्यादा किलोमागे २५ मायक्रोग्रॅम इतकी कमी आहे.

दळलेल्या नमुन्याचा उरलेला भाग हवाबंद डब्यात, अंधारात आणि थंड जागी, निकाल स्वीकारला जाईपर्यंत जपून ठेवावा. न दळलेला माल शिल्लक असेल तर तो पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली पाहावा आणि पिकाशी न जुळणारे देठ, केसाळ पानांचे तुकडे व बिया चिमट्याने वेगळ्या कराव्यात. त्या तुकड्यांचाच स्वतंत्र अर्क करून तो यंत्रावर चालवला आणि नमुन्यातलीच पीए त्यात ठळकपणे दिसली, तर शेतकऱ्याला कोणते तण उपटायचे ते नावानिशी सांगता येते.